गरुड म्हणावे कोणाला?

विष्णूच्या देवालयात गरुडाची जागा ठरलेली आहे. तो देवासमोर असतो, त्याचे हात जोडलेले असतात, पाठीशी पंख असतात आणि नाकाच्या ठिकाणी बाकदार चोच असते. म्हार्दोळच्या श्रीम्हाळसा देवालयातील पितळी दीपस्तंभ पाहावा : पायाशी कूर्म, शिरोभागी गरुड. हा गरुड ओळखण्यात लहान मुलाचीही चूक होत नाही. कारण मूर्तीची लक्षणे परंपरेने बांधून दिलेली आहेत आणि मूर्तिकाराने ती पाळलेली आहेत. परंतु त्याच देवळाच्या प्राकाराबाहेर, वडापिंपळाच्या शेंड्यावर जो थोरला पक्षी येऊन बसतो आणि ज्याला पाहताच आमची माणसे ‘गरूड आयलो!’ म्हणून हात जोडतात, तो कोण? या प्रश्नाकडे आमच्या कोशांनी, आमच्या लेखकांनी आणि आम्ही भाविकांनी आजवर फार सैलपणाने पाहिले आहे. त्या सैलपणाची थोडी समीक्षा येथे करावयाची आहे.

समीक्षा ग्रंथाचीच होते असे नाही. नाव हेही एक लहानसे वर्णनच होय. कोणी तरी काही पाहिले, त्यातले काही निवडले, काही सोडले, आणि उरले ते एका शब्दात बांधले. म्हणून ग्रंथाला विचारतो तेच प्रश्न नावालाही विचारता येतात : तू काय पाहिलेस? काय पाहायचे राहून गेले? आणि तुझ्यावर विश्वास ठेवून जो चालेल, तो योग्य जागी पोहोचेल काय?

ही चौकशी आम्हांला सुचली ती एका प्रसंगामुळे. गोमंतकातील एका जुन्या देवस्थानाच्या प्राकारालगत बेहड्याचा एक प्रचंड वृक्ष आहे. त्या देवस्थानाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. मंडपाचा जीर्णोद्धार झाला त्या वेळी समितीने त्या वृक्षाचीही काळजी घेतली. खोडात उंचावर दोन मोठ्या ढोल्या होत्या. पावसाचे पाणी आत जाऊन खोड कुजेल, आत एखादे जनावर वस्तीला राहील, अशी भीती. तेव्हा त्या विटा आणि सिमेंट घालून बुजवण्यात आल्या आणि वरून खोडाच्या रंगाचा गिलावा देण्यात आला. काम श्रद्धेने आणि नेटके झाले होते. पुढच्या माघात आम्ही उत्सवासाठी तेथे गेलो असता एक जोडपे त्या वृक्षावर आले. काळ्यापांढऱ्या रंगाचे, अंगाने घारीहून थोराड, आणि भल्यामोठ्या फिकट पिवळ्या चोचीचे. ते खोडाला बिलगत, गिलाव्यावर चोच आपटीत, उडून वृक्षाभोवती फेरी घालीत आणि पुन्हा येऊन बिलगत. चार दिवस हे चालले होते. ‘देव पावलो’, भटमाम म्हणाले. ‘गरूड प्रदक्षिणा घालता.’ मंडळींनी हात जोडले. खोटे कशाला बोला, आम्हीही जोडले.

तो पक्षी गरुड नव्हता. तो धनेश होता, आणि धनेशांतही कवड्या धनेश. कोकणात या कुळातील पक्ष्यांना कोणी गरुड म्हणतात, कोणी माडगरुड, कोणी ककणेर. पण कोणते नाव नेमके कोणत्या जातीचे, हे विचारले तर दहा गावांत दहा उत्तरे मिळतात.

प्रथम लोकांच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते म्हटले पाहिजे. कारण लोकांनी दिलेले नाव सहसा निराधार नसते. या कुळातील सर्वांत मोठा जो महाधनेश, तो चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे एक मीटर भरतो आणि पसरलेले पंख दीड मीटरपर्यंत जातात. तो अरण्याच्या माथ्यावरून जाऊ लागला की दिसण्याच्या आधी ऐकू येतो. उड्डाणाच्या मोठ्या पिसांची मुळे इतर पक्ष्यांत लहान पिसांनी खालून झाकलेली असतात, धनेशात तशी नसतात. त्यामुळे पिसांच्या फटींतून हवा वेगाने जाते आणि आगगाडीचे वाफेचे इंजिन धापा टाकीत चालावे तसा नाद दूरवर पोहोचतो. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कर्दम ऋषींच्या आख्यानात गरुडाच्या पंखांतून सामाचे सूर ऐकू येतात. ज्याने ही कथा कीर्तनात ऐकली आहे आणि पहाटे झऱ्यावर उभे असताना डोक्यावरून जाणारा तो नादही ऐकला आहे, त्याच्या तोंडून ‘गरुड’ हाच शब्द निघाला तर नवल कसले? ते नाव कानाने दिलेले आहे आणि कानाची साक्ष खरी आहे.

परंतु गरुडाची लक्षणे एवढीच नाहीत. अमरकोशात गरुडाची जी नावे आहेत त्यांत नागान्तक आणि पन्नगाशन ही आहेत. साप हे गरुडाचे अन्न. धनेश मुख्यतः फळांवर जगतो. पिल्लांच्या दिवसांत तो सरडे, किडे आणि लहानसहान प्राणीही उचलतो हे खरे. पण त्याचे वर्षाचे पोट भरते ते उंबर, वड, पायर, नांद्रुक आणि रानजायफळ यांच्यावर. सापांवर जगणारा पक्षी म्हणजे ज्याला मराठीत सर्पगरुड म्हणतात तो. आणि केरळासारख्या प्रांतांत देवाचा गरुड म्हणून ज्याला नमस्कार होतो, ती तर तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार. म्हणजे एका नावावर तीन वेगवेगळ्या पक्ष्यांनी हक्क सांगितला आहे : सर्पगरुडाने अन्नावरून, घारीने रंगावरून, धनेशाने पंखांच्या नादावरून. देवाला यात काही अडचण नाही. अडचण पक्ष्याची आहे.

जुन्या संस्कृत शब्दांकडे वळावे तर तेथेही पाय घट्ट रोवता येत नाही. वार्ध्रीणस हा शब्द घ्या. कोणी त्याचा अर्थ गेंडा देतात, कोणी म्हातारा बोकड, कोणी एक पक्षी. आणि काही अभ्यासक तो पक्षी म्हणजे धनेश असे मानतात. शिंग हा या अर्थांमधला दुवा असावा असे आम्हांला वाटते. पाहणाऱ्याची नजर शिंगावर गेली आणि तेथेच थांबली. खाली प्राणी आहे की पक्षी, याची आठवण पुढच्यांना राहिली नाही. आमच्या कोशांतून पक्ष्यांच्या नावांपुढे ‘एक पक्षी’ एवढाच अर्थ किती वेळा भेटतो हे वाचकांना ठाऊक आहे. भांड्यांच्या, दागिन्यांच्या आणि नात्यांच्या बाबतीत जी भाषा सूक्ष्म भेद करते, ती झाडावरच्या जिवापाशी येऊन ‘एक पक्षी’ म्हणून हात झटकते, हा भाषेचा दोष नव्हे. तो आमच्या पाहण्याचा आहे.

नव्या काळात ही उणीव भरून काढण्याचे मोठे प्रयत्न झाले. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एक युक्ती आम्हांला वाङ्मयदृष्ट्याही उत्तम वाटते : अनोळखी पक्ष्याचे आकारमान सांगताना ते ओळखीचा पक्षी पुढे ठेवतात. चिमणीएवढा, मैनेहून मोठा, कावळ्याएवढा, घारीएवढा. चांगली उपमाही हेच करीत असते. माहीत असलेल्यावरून माहीत नसलेल्याकडे नेते. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानात हिंडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि २००२ साली पक्षीकोश सिद्ध केला. २०२५ साली ते निवर्तले. त्यांच्या हातून झालेले काम एखाद्या संस्थेने करावे एवढे आहे, आणि या क्षेत्रात कोणीही बोलताना त्यांच्या ऋणाचा उच्चार करूनच बोलावे.

तरीही आज पुस्तकांतून जी नावे रूढ होत आहेत, त्यांतील काहींविषयी आमचा मतभेद आहे. आमच्या परिसरात धनेशाच्या चार जाती येतात : महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि भारतीय राखी धनेश. यांपैकी ‘कवड्या’ हा शब्द अस्सल आहे. काळ्यापांढऱ्या खंड्याला आम्ही कवड्या खंड्या म्हणतोच. कवडीची आठवण देणारा तो शब्द कोणी भाषांतर करून आणलेला नाही. पण ‘मलबारी’? कवड्या धनेश सह्याद्रीत आहे तसा मध्य भारतात आणि ओडिशात आहे, समुद्रापलीकडे श्रीलंकेतही आहे. त्याला मलबारात कोंडण्याचे कारण इतकेच की इंग्रजीत तसे नाव होते. उलट मलबारी राखी म्हणतात तो धनेश सह्याद्रीवाचून जगात अन्यत्र कोठेही नाही. आमच्या डोंगराचे हे खास लेणे. त्याला आम्ही परप्रांतीयाचे नाव देऊन परसात बसवले आहे. इंग्रजी नावाचा शब्दशः अनुवाद करण्यात बिनचूकपणा असेल, ओळख नाही.

‘शिंगचोचा’ या नावाचे तसे नाही. ते देशी आहे, सुटसुटीत आहे, ऐकताच चित्र उभे करते. त्याचा दोष निराळा आहे. धनेशाच्या वरच्या चोचीवर जे शिरस्त्राणासारखे उंचवट्याचे शिंग असते, त्यावर ते सर्वस्वी भिस्त ठेवते. आता महाधनेशाचे शिंग पूर्ण वाढायला अनेक वर्षे लागतात. तोवर तरुण पक्षी शिंगावरून ओळखता येत नाही. आणि सह्याद्रीचा जो खास धनेश, त्याला शिंग मुळी नसतेच. म्हणजे जो सर्वांत आमचा, तोच नेमका या नावातून निसटतो. चोच पाहून हरखून जाणे आणि इतर काही न पाहणे, हा आमच्या सगळ्या नामकरणाचा मूळ दोष आहे असे आम्हांला वाटते.

हा मोह केवळ खेडुतांना होतो असे नव्हे. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत महाधनेशाचे एक पिल्लू १८९४ साली कारवारहून आले. विल्यम हे त्याचे नाव. ते सव्वीस वर्षे संस्थेच्या कचेरीत, सचिवांच्या खुर्चीमागे राहिले आणि १९२० साली गेले. पुढे १९३३ साली संस्थेला पन्नास वर्षे झाली तेव्हा त्याचेच रूप बोधचिन्ह म्हणून घेण्यात आले. या पक्ष्याबद्दल संस्थेला वाटणारी माया खरी होती. पण अंजिराच्या कुळातील झाडांच्या माथ्यांवर ज्याचे सारे जीवन जावयाचे, त्याने फेकलेला टेनिसचा चेंडू झेलून दाखवावा, हे त्याच्या ओळखीचे फारच थोडे अंग झाले.

मग ओळखावे कसे? आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. परंतु चार वर्षे मान वर करून पाहिल्यावर जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. चोच शेवटी पाहावी. आधी शेपूट पाहावी, आवाज ऐकावा, आणि आपण कोणत्या भूमीत उभे आहोत याची आठवण ठेवावी.

शेपूट पांढरी आणि तिच्यावर आडवा काळा पट्टा, काळ्या पंखांच्या मधून रुंद फिकट पट्टा गेलेला, आणि मान पांढरी किंवा पिवळसर, असा पक्षी दिसला तर तो महाधनेश. मानेचा तो पिवळा रंग उपजत नसतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल तो पिसांना माखतो, त्याचा तो डाग. नराचा डोळा लाल असतो, मादीचा पांढरट. शेपूट मध्ये काळी आणि दोन्ही कडांना पांढरी, पोट पांढरे, आणि उडताना पंखाची फक्त मागची कड पांढरी दिसत असेल तर तो कवड्या. त्याच्या शिंगावर काळा मोठा डाग असतो आणि मादीच्या डोळ्याभोवतीची कातडी पांढरी असते. काळी नदीच्या काठी दांडेलीच्या रानात हा पुष्कळ आहे. तेथे २०११ साली खास धनेशांसाठी राखीव क्षेत्र जाहीर झाले. बेळगावकडील वाचकांना ते दूर नाही.

अंगाने लहान, राखाडी रंगाचा, भुवईची रुंद पांढरी रेघ असलेला, शिंग नसलेला, आणि घनदाट पानांतून वेड लागल्यासारखा खदखदा हसणारा, तो सह्याद्रीचा धनेश. पुष्कळदा तो दिसतच नाही, फक्त हसतो. नराची चोच तांबूस नारिंगी, टोकाशी पिवळी. मादीची पिवळी आणि खालच्या चोचीच्या मुळाशी काळी. कुळागरांत सकाळी जे हसणे ऐकू येते आणि मुलांना भुताचे म्हणून सांगितले जाते, ते पुष्कळदा याचेच असते.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा आणि हैदराबाद येथील आमच्या वाचकांनी मात्र अरण्यात जाण्याचे कारण नाही. त्यांच्या शहरातील जुन्या वडावर, पिंपळावर, एखाद्या वाड्याच्या मागच्या बागेत चौथा भाऊ येतो. तपकिरी राखाडी अंग, चोचीवर लहान टोकदार काळे शिंग, लांब शेपटीच्या टोकाशी पांढरा रंग आणि त्याच्या अलीकडे काळा पट्टा. आवाज घारीच्या शिळेसारखा. उडणे थोडे पंख मारून थोडे तरंगत, लाटेसारखे. हा कोरड्या मुलुखाचा रहिवासी. सह्याद्रीच्या दमट अरण्यात तो सहसा शिरत नाही. ‘शिंगचोचा’ हे नाव शोभते ते यालाच.

येथे कोणी म्हणेल की भाविकाला एवढ्या भेदांशी काय कर्तव्य? तो गरुड म्हणून नमस्कार करतो. नमस्कारामुळे पक्ष्याचे रक्षणच होते. या आक्षेपात तथ्य आहे. ज्याला गरुड म्हटले त्याच्यावर बंदूक उचलताना कोकणातला माणूस कचरतो. उलट ज्याला धनेश म्हटले, त्याच्या नावातल्या धनानेच त्याचा घात केल्याची उदाहरणे आहेत. मध्य भारतात काही ठिकाणी या पक्ष्याचे चोचीसकट मस्तक घरात टांगले की लक्ष्मी येते अशी समजूत आहे. काजऱ्याची विषारी बी पोटात घेणारा पक्षी म्हणून त्याच्या चरबीचे तेल सांध्यांच्या दुखण्यावर रामबाण, असेही सांगतात. वास्तविक काजऱ्याच्या फळाचा गर तेवढा तो पचवतो, बी जशीच्या तशी बाहेर टाकतो. एक नाव मारते आणि एक तारते. मग तारणाऱ्या नावाची चिकित्सा का करावी?

एवढ्यासाठी, की ते नाव पक्ष्याला बंदुकीपासून वाचवते पण आमच्या श्रद्धेपासून वाचवू शकत नाही. आता त्या बेहड्याकडे परत जाऊ. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या वृक्षात फांदी मोडून, लाकूड कुजून जी पोकळी आपोआप तयार होते, तीच त्याचे घर. वर्षानुवर्षे जोडपे त्याच ढोलीकडे येते. विणीच्या दिवसांत मादी आत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा यांचा लेप देऊन ढोलीचे तोंड आतून बंद करून घेते; चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडण्याची पिसे गळून जातात. महाधनेशाची अंडी उबवायलाच पाच आठवड्यांहून अधिक काळ लागतो, आणि मादीचा हा एकांतवास महिनोन् महिने चालतो. तेवढे दिवस नर गळ्यातल्या पिशवीत फळे भरून आणतो आणि एकेक फळ उगाळून फटीतून तिच्या चोचीत देतो. त्या नराला काही झाले तर आतली मादी आणि पिल्ले यांना दुसरा आधार नाही.

चार दिवस आम्ही जिला प्रदक्षिणा म्हटले, ती घर शोधणाऱ्यांची तडफड होती. ढोली होती तेथे गिलावा होता. समितीने वृक्ष राखला होता, पक्ष्याला हात लावला नव्हता, उलट त्याला हात जोडले होते. आणि तरीही त्याला घराबाहेर काढले होते. यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. चुकले ते एवढेच, की तो देवाचा गरुड आहे असे एकदा ठरल्यावर तो राहतो कोठे, खातो काय, पिल्ले कोठे घालतो, हे विचारण्याचे कोणालाच कारण उरले नाही. देवाच्या वाहनाला ढोली कशाला लागेल? नावाने आदर दिला आणि जिज्ञासा काढून घेतली.

दाक्षिणात्य वाङ्मयातही असाच एक प्रकार आहे. केरळात धनेशाला वेळाम्बल म्हणतात, आणि तो पावसाच्या थेंबासाठी आकाशाकडे चोच करून आर्त वाट पाहतो, अशी तेथील कविकल्पना आहे. आपल्या चातकाचीच ती बहीण. धनेशाची जीभ आखूड असते. टोकाशी धरलेले फळ त्याला चोचीतून आत ढकलता येत नाही. म्हणून तो ते वर उडवून घशात झेलतो. पाणीही तो बहुधा पीत नाही, फळांतूनच त्याची तहान भागते. आकाशाकडे उघडलेल्या त्या चोचीतून ही कल्पना निघाली असावी असे आम्हांला वाटते. कल्पना सुंदर आहे आणि ती टाकून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. पण जो कवी त्या चोचीतले उंबरही पाहील, त्याला वर्णन करायला अधिक मिळेल, कमी नव्हे.

कारण त्या उंबरातच आमच्या देवळांचा आणि या पक्ष्याचा खरा संबंध आहे. वड, पिंपळ, औदुंबर ही जी आमची पूजेची झाडे, ती सर्व एका कुळातली. त्यांची फळे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. देवळाच्या शिखराच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवले की आम्ही पुजाऱ्याला दोष देतो. ते पेरलेले असते एखाद्या पक्ष्याने. अरण्यातही हेच चालते. रानजायफळासारखी मोठ्या बीची फळे गिळून ती मूळ झाडापासून लांब नेऊन टाकणारे पक्षी थोडे आहेत, आणि धनेश हा त्यांतला प्रमुख. देवराईतली जी झाडे ‘कोणी लावली नाहीत’ असे आम्ही अभिमानाने सांगतो, त्यांतली काही याने लावली आहेत. देवाचे वाहन म्हणून त्याचा जेवढा मान आहे, त्याहून देवराईचा माळी म्हणून तो अधिक असावा.

तेव्हा नावांविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे. गरुड हे नाव देवळातल्या गरुडाकडे राहू द्यावे. लोकांच्या तोंडी ते पक्ष्यासाठी आले तर त्यांना हसू नये, पण त्यापुढे ‘कोणता?’ हा प्रश्न जोडण्याची सवय लावावी. थोरला तो महाधनेश किंवा माडगरुड. काळापांढरा तो नुसता कवड्या धनेश. मैदानातला शिंगवाला तो शिंगचोचा. आणि ज्याला शिंग नाही, जो दिसण्याआधी हसतो आणि जो आमच्या डोंगरावाचून कोठेही नाही, त्याला मलबारी न म्हणता सह्याद्री धनेश म्हणावे, अशी आमची सूचना आहे. जगातील पक्ष्यांची स्थिती नोंदवणाऱ्या यादीत २०१८ साली महाधनेश आणि २०२० साली हा सह्याद्री धनेश ‘असुरक्षित’ म्हणून गणला गेला. ज्याचे नाव आम्हांला धड घेता येत नाही, त्याच्या कमी होण्याची खबर आम्हांला लागणार कशी?

देवस्थान समित्यांना एक विनंती करून हे संपवितो. जुन्या वृक्षाची ढोली बुजवण्यापूर्वी एक वर्ष थांबावे, आणि पौषापासून ज्येष्ठापर्यंत तिच्यावर लक्ष ठेवावे. ढोलीचे तोंड लिंपलेले आणि मध्ये बारीक फट दिसली, खाली फळांच्या बिया पडलेल्या आढळल्या, तर आत कोणी तरी आहे असे समजावे. तेथे शिडी लावू नये, फटाके वाजवू नयेत, दिवे सोडू नयेत. त्या बेहड्याविषयी आम्ही समितीला पत्र लिहिले होते. मंडळींनी राग मानला नाही. एका ढोलीतले सिमेंट गेल्या कार्तिकात काढले आहे. भटमामांनी परवा निरोप पाठवला : जोडपे अजून आले नाही, पण आता ते शेपटीकडे पाहतात.